काट्यावरची रांग कोणी लावली

मानवतच्या एका जिनिंगवर कापसाच्या गाड्या वजनकाट्यावर कोणत्या क्रमानं घ्यायच्या, ते आम्ही दोघी जावा ठरवतो. खरं तर आम्ही लिहिलेला प्रोग्राम ठरवतो. फाटकातून गाडी आत आली की गेटवरचा माणूस तिचा नंबर, गाव आणि वाहन कोणतं एवढं कॉम्प्युटरमध्ये भरतो. काट्याशेजारच्या भिंतीवर एक पडदा आहे. त्यावर पुढचा नंबर उमटला की ती गाडी काट्यावर चढते. पूर्वी हे काम मुनीम पाटीवर खडूनं करायचे आणि दिवसाकाठी दोन-तीन भांडणं मिटवायचे. आता भांडणं पडद्याशी होतात, त्यामुळे ती लवकर संपतात.

मी थोरली जाऊ. पुण्याला एका कंपनीत बरीच वर्षं प्रोग्रामिंग केलं. नवऱ्याची बदली परभणीला झाली तेव्हा नोकरी सोडली आणि घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडून स्वतःची कामं घ्यायला लागले. धाकटी जाऊ झरीला असते. गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, पण गावात तिची ओळख ब्लाउज शिवणारी म्हणून. एका दिवाळीत ती आमच्याकडे आली होती. मी काम करत असताना मागे उभी राहून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “ताई, हे मापं घेण्यासारखंच दिसायलंय. एकदा नीट लिहिलं की झालं.” मी म्हटलं, एकदा लिहून होत असतं तर मी आतापर्यंत रिकामी झाले असते. दिवाळी संपली, ती गेली, आणि पुढच्या आठवड्यात एसटीनं परत आली. मी तिला शिकवलं असं नात्यातले लोक म्हणतात. तिनं माझ्याकडून ते काढून घेतलं, असं म्हणणं जास्त बरोबर.

त्या जिनिंगचा एक जुना दस्तूर आहे. बैलगाडी आली की ती ट्रॅक्टरच्या आधी घ्यायची, मग ट्रॅक्टर कितीही वेळ उभे असोत. ट्रॅक्टर उन्हात उभा राहिला तर त्याचं काही बिघडत नाही, बैलाचं बिघडतं. आताच्या शेठच्या वडिलांनी घातलेला नियम. हल्ली बैलगाड्या थोड्याच येतात, आसपासच्या गावांतून, पण नियम कोणी मोडलेला नाही. मोडला तर बैलगाडीवाला आधी मुनीमाच्या सात पिढ्या काढतो आणि मग शेठकडे जातो.

प्रोग्राममध्ये हा नियम जावेनं घातला होता. आम्ही रूबी भाषेत लिहितो, आणि तिच्यावर रेल्स नावाचं तयार फ्रेमवर्क वापरतो. फ्रेमवर्क म्हणजे बरीचशी नेहमीची कामं आधीच करून ठेवलेला सांगाडा. तुम्ही एका ओळीत सांगायचं की गाडीच्या अवस्था चार: उभी, काट्यावर, रिकामी, गेलेली. एवढ्यावर फ्रेमवर्क स्वतःहून मेथड, म्हणजे नावानिशी द्यायचे हुकूम, तयार करतं. ‘गाडी’ या क्लासला, म्हणजे सगळ्या गाड्यांच्या साच्याला, विचारलं, ‘उभी?’ की उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या ते आल्या त्या क्रमानं हजर करतं. एकेका गाडीला तिचं वजन विचारणं वेगळं आणि गाड्यांच्या सबंध जातीला तुमच्यातल्या उभ्या कोण म्हणून विचारणं वेगळं. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला क्लास मेथड म्हणतात. फ्रेमवर्कला बैल माहीत नाहीत, म्हणून जावेनं त्याच ‘उभी’ नावाची स्वतःची क्लास मेथड लिहिली. तिच्यात बैलगाड्या आधी आणि मग बाकीच्या. दोन-तीन हंगाम ती बिनतक्रार चालली.

यंदा रेल्सची आमची आवृत्ती जुनी झाली होती आणि जिनिंगनंही नवा कॉम्प्युटर घेतला होता. सगळं नव्या आवृत्तीवर न्यायचं काम जावेनं एकटीनं केलं. तसं आमचं ठरलंच होतं. यंदापासून मानवतचं जिनिंग तिचं. बोलणी तिची, काम तिचं, मोबदला तिचा, शिव्याही तिच्याच. तिनं लग्नसराईचे ब्लाउज घेणं बंद केलं होतं आणि शिलाई मशिनीवर कापड झाकून ठेवलं होतं. हे जिनिंग हातचं गेलं तर कापड काढून परत मशिनीवर बसायचं, दुसरं काही हातात नव्हतं. मी फक्त मुहूर्ताच्या आदल्या दिवशी सोबत म्हणून गेले, डब्यात भाकरी आणि ठेचा घेऊन.

खरेदीचा मुहूर्त म्हणजे काटापूजन. सकाळी काट्याला हार घालतात, नारळ फोडतात, पहिल्या गाडीच्या बैलांना कुंकू लावतात, गाडीवानाला टोपी-टॉवेल देतात आणि वजन सुरू होतं. आदल्या दिवशी दुपारी मुनीमांनी सांगितलं, “एकदा खोटी खोटी रांग लावून दाखवा. शेठ बी आलेत.” शेठ खुर्ची टाकून पडद्यासमोर बसले. जावेनं कॉम्प्युटरमध्ये एक ट्रॅक्टर भरला, दुसरा ट्रॅक्टर भरला, मग एक बैलगाडी. पडद्यावर पहिला ट्रॅक्टर आला.

जावेनं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिनं आणखी एक बैलगाडी भरली. पडद्यावर पहिला ट्रॅक्टर तसाच. बैलगाड्या रांगेच्या शेवटी.

मुनीम म्हणाले, “ह्येला बैल दिसायला न्हाईत वाटतं.”

शेठ काही रागावले नाहीत. ते रागावत नाहीत, हीच त्यांची अडचण आहे. त्यांनी मोबाइल खिशात टाकला आणि जावेला म्हणाले, “हे बघ माय, मला मोठ्या गावाहून एक जण तयार पॅकेज द्यायलाय. तो रोज फोन करतो. मुनीम म्हणले घरचंच बरं, म्हणून मी थांबलो. उद्या पूजा झाल्यावर पडदा नीट चालला तर तू. न्हाई चालला तर हंगामभर त्याचं पॅकेज. राग मानू नको.”

“नाही मानत,” जाऊ म्हणाली. “उद्या चालंल.”

शेठ निघून गेले. मुनीम गेले नाहीत. त्यांनीच शेठकडे जावेची शिफारस केली होती, त्यामुळे त्यांना आता जाववत नव्हतं. ऑफिसात टेबलाच्या कोपऱ्यावर बसून ते आमच्याकडे बघत राहिले.

जावेनं फाइल उघडली. तिची मेथड जागच्या जागी होती. एकही अक्षर बदललेलं नव्हतं. बैलगाड्या आधी, मग बाकीच्या. “ही बघा,” ती म्हणाली. “धडधडीत हाय. मग ऐकत का न्हाई?” घाबरली की तिची भाषा झरीची होते.

“चाचणी घेतली होतीस ना?”

“घेतली. पास झाली.” तिनं चाचणी उघडून दाखवली. तिच्यात एक बैलगाडी आणि एक ट्रॅक्टर होता, पण बैलगाडी आधी आलेली होती. ती कुठल्याही पद्धतीनं पहिलीच आली असती.

मग तिनं बाह्या सरसावल्या. “पुसून परत लिहिते.”

“लिहू नको,” मी म्हटलं. “काय बिघडलंय ते कळल्याशिवाय पुन्हा लिहिलं तर पुन्हा बिघडेल. आधी हे बघ की पडदा ज्या मेथडला विचारतोय ती तुझीच आहे का.”

“माझी नाही तर कोणाची? नाव काय लिहिलंय? उभी. मी काय लिहिलं? उभी.”

“नावावर जाऊ नकोस. गावात एका नावाच्या किती बाया असतात.”

मुनीम मध्येच म्हणाले, “मेथड म्हंजे काय वो?”

जावेनं मान न वळवता सांगितलं, “काका, तुमी गड्याला म्हणता ना, उभ्या गाड्या बोलव. ते तुमचं सांगणं म्हणजे मेथड.”

“आन त्यो ऐकतो का?”

“आज न्हाई ऐकायला.”

“मंग बरोबर,” मुनीम म्हणाले. “आमचा बी ऐकत न्हाई.”

मी तिला कन्सोल उघडायला लावला. कन्सोल म्हणजे प्रोग्रामशी समोरासमोर बोलायची जागा. तिथं ‘गाडी’ला विचारलं की तुला क्लास मेथड कोणकोणत्या येतात. कॉम्प्युटरचा पडदा भरून नावं आली आणि वर वर पळत राहिली. मुनीम वाकून बघायला लागले. “एवढं तुमी लिहिलं?”

“नाही काका. यातलं बहुतेक फ्रेमवर्कचं. जन्मापासून आलेलं.”

आपलं आणि त्यांचं वेगळं करायचा पहिला उपाय वजाबाकीचा. ‘गाडी’ ज्या मूळ क्लासपासून निघते, त्याला येणारी सगळी नावं ‘गाडी’च्या नावांतून वजा करायची. उरतं ते गाडीचं स्वतःचं. जावेनं वजाबाकी केली. यादी आटली. तिच्यात ‘उभी’ होती. जाऊ टेबलावर हात आपटून म्हणाली, “ही बघा. वजा केलं तरी उरली. म्हणजे माझीच.”

“तिच्या शेजारी काय आहे ते वाच.”

तिनं वाचलं. “नॉट उभी.” मग थांबली. “ही मी कुठं लिहिली? मी असलं काही लिहिलेलं नाही. जी उभी नाही ती. हे काय नाव झालं?”

हीच गोम होती. फ्रेमवर्क काही मेथड मूळ क्लासला देतं, त्या वारशानं खाली येतात आणि वजाबाकीत निघून जातात. पण तुम्ही अवस्थांची ती एक ओळ लिहिली की त्या ओळीवरून ते सरळ तुमच्याच क्लासवर नव्या मेथड शिवून टाकतं. उभी, नॉट उभी, रिकामी, नॉट रिकामी. त्या मूळ क्लासला नसतात, म्हणून वजाबाकीनं निघत नाहीत. तुमच्या अंगणात उगवतात, पण बी तुमचं नसतं. यादीत त्या तुमच्या मेथडच्या मांडीला मांडी लावून बसतात.

“मग ओळखायचं कसं?” जावेनं विचारलं.

“तिलाच विचार, तुला लिहिलं कुठं.”

रूबीत ही सोय आहे. कुठलीही मेथड हातात धरायची आणि सोर्स लोकेशन विचारायचं. ती ज्या फाइलमध्ये आणि ज्या ओळीवर लिहिली गेली, तो पत्ता सांगते. आपली असेल तर आपल्या घरचा पत्ता येतो. फ्रेमवर्कची असेल तर त्याच्या आतल्या कुठल्यातरी फाइलचा लांबलचक पत्ता येतो. जावेनं ‘उभी’ला धरलं आणि विचारलं.

लांबलचक पत्ता आला.

ती खुर्चीत मागे टेकली. “बया,” ती म्हणाली. “माझ्या नावावर दुसरीच राहायलीय.”

मुनीमांना यातलं फारसं कळलं नव्हतं, पण सूर कळला. “म्हंजे नवरी बदलली,” ते म्हणाले.

“बदलली काका. मांडवातच.”

आता प्रश्न एवढाच उरला की बदलली कधी. रूबीचा नियम साधा आहे. एका क्लासवर एकाच नावाच्या दोन मेथड लिहिल्या तर जी नंतर लिहिली ती राहते आणि आधीची मुकाट्यानं जाते. तक्रार नाही, सूचना नाही. गेल्या हंगामापर्यंत अवस्थांची ओळ फाइलच्या वरच्या टोकाला होती आणि जावेची मेथड खाली. आधी फ्रेमवर्क आपली ‘उभी’ शिवायचं, मग जावेची ‘उभी’ येऊन तिची जागा घ्यायची. मी नव्या फाइलमध्ये बघितलं. जावेची मेथड वर होती आणि अवस्थांची ओळ तळाला.

“ही ओळ खाली कोणी नेली?”

“मीच,” ती म्हणाली. “आवृत्ती बदलताना ती ओळ नव्या पद्धतीनं लिहावी लागली, तेव्हा फाइल नीट लावून घेतली. सगळ्याच फाइली लावल्यात तशा.”

“कशा?”

“घरचं पुढं, तयार माल मागं.”

मला हसू आवरेना. आमच्या घरात कुठलंही लग्न असलं की रुखवत ही मांडते. त्यात तिचा हात कोणी धरत नाही. विणलेली तोरणं, लोकरीची बाहुली, हातानं केलेल्या सांजोऱ्या आणि चिरोटे पहिल्या रांगेत. बाजारातून आणलेलं मागे, भिंतीला टेकून. कारण वरपक्षाच्या बायका येऊन पहिल्या रांगेला बोट लावतात आणि विचारतात, हे घरचं का विकतचं. तिनं तोच कायदा रूबीच्या फाइलला लावला होता. स्वतः लिहिलेलं सगळं वर मांडलं, फ्रेमवर्ककडून आयतं येणारं खाली. दिसायला फाइल फार सुंदर दिसत होती. फक्त रूबी रुखवत बघायला येत नाही. ती वरून खाली वाचत जाते आणि शेवटचं ऐकलेलं लक्षात ठेवते.

“हसू नका,” जाऊ म्हणाली, पण तीही हसत होती. “पाहुण्यांची रीत तिला माहीत नाही, हा काय माझा दोष?”

“शेठला सांगू का?” मुनीम म्हणाले. “रुखवतामुळं बैल मागं गेले म्हणून.”

“काका, तुमी सांगून बघा. उद्याच्या नारळाचं खोबरं मिळणार न्हाई.”

दुरुस्ती दोन प्रकारे होत होती. ओळ परत वर न्यायची आणि मोकळं व्हायचं, हा एक. मेथडला वेगळं नाव द्यायचं, म्हणजे फ्रेमवर्कच्या नावाशी कधी गाठच पडणार नाही, हा दुसरा. कोणता घ्यायचा ते मी तिच्यावर सोडलं, कारण काम तिचं होतं. तिनं ओळ वर नेली, बघितलं, बैलगाडी पहिली आली. मुनीमांनी सुस्कारा टाकला. मग तिनं ओळ परत खाली नेली.

“आता काय?” मुनीम उठून उभे राहिले.

“आता नीट करते. पुढच्या वर्षी आणखी कोणाला फाइल लावायची हुक्की आली तर पुन्हा हेच. नाव बदलायचं. काका, तुमीच सांगा, गड्याला काय म्हणून हाक मारायची?”

मुनीम विचारात पडले. त्यांना कोणी कधी असं विचारलं नव्हतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. “आमचे थोरले शेठ फाटकात उभं राहून एकच म्हणायचे,” ते म्हणाले. “बैल आधी.”

जावेनं तेच लिहिलं. ‘बैल आधी’ नावाची मेथड जगातलं कुठलंही फ्रेमवर्क स्वतःहून तयार करणार नाही, ही त्या नावाची खरी सोय. पडदा जिथं जिथं ‘उभी’ विचारत होता तिथं तिनं नवं नाव घातलं. चाचणीही दुरुस्त केली. आता तिच्यात आधी दोन ट्रॅक्टर येतात आणि मग एक बैलगाडी. मुनीम खुर्ची ओढून तिच्या बाजूला बसले आणि आपण नाव दिलेली मेथड कशी दिसते ते बघू लागले. रोमन अक्षरं त्यांना लावून वाचावी लागतात. त्यांनी ती लावून वाचली.

मग तिनं बाकीच्या फाइलीही तपासायला घेतल्या, कारण रुखवत सगळीकडे मांडलं होतं. एक छोटा तुकडा लिहिला. तो प्रत्येक क्लासच्या मेथडना पत्ता विचारायचा आणि आपल्या घरच्या तेवढ्या वेगळ्या काढायचा. आम्ही ती नावं फाइलीत लिहिलेल्या मेथडशी ताडून बघत गेलो. फाइलीत आहे पण पत्ता परका, असं दिसलं की थांबायचं.

एका ठिकाणी थांबलो. शेतकऱ्यांच्या क्लासमध्ये ‘जवळचे’ नावाची मेथड होती, आसपासच्या गावांतले शेतकरी काढणारी. तिचा पत्ता फ्रेमवर्कच्या घरचा येत होता.

“ही तर माझी हाय,” जाऊ म्हणाली. “मी टाईप केलेली. तरी त्यांचाच पत्ता?”

तिनं ती पूर्ण मेथड न लिहिता फ्रेमवर्कच्या एका सोयीनं, एका ओळीत लिहिली होती. स्कोप म्हणतात त्याला. नाव आपण द्यायचं, अट आपण सांगायची, मेथड ते बनवतं. मी म्हटलं, “तूच सांग. गिऱ्हाईक कापड देतं, माप देतं, गळा कसा पाहिजे ते सांगतं. शिवतेस तू. ब्लाउज कोणाचा?”

“अंगात बसला तर गिऱ्हाइकाचा,” ती म्हणाली. “नाही बसला तर माझा.”

“मग हे तसंच. अट तुझी, शिलाई त्यांची. पत्ता शिवणाऱ्याचा येतो. ही हरवलेली नाही, चालू दे.”

ती म्हणाली, “म्हणजे नुसत्या पत्त्यावर पण विसंबायचं नाही. फाइल पण उघडून बघायची.”

“हो. ते काम कोणी आपल्यासाठी करून ठेवत नाही.”

बाकी सगळं ठीक निघालं. आम्ही भाकरी खाल्ली, मुनीमांनी घरून वांग्याची भाजी मागवली आणि आम्ही उजेड असतानाच एसटी पकडली. वाटेत जाऊ खिडकीशी बसली. तिला रात्री झोप लागणार नाही हे मला माहीत होतं, पण त्यावर काही उपाय नव्हता.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा फाटकात ट्रॅक्टर आधीच लागले होते. मुहूर्ताच्या दिवशी लोक मुद्दाम येतात. ट्रॉल्यांवर कापूस चादरींनी बांधलेला, काहींवर झेंडूच्या माळा. काट्याला हार घातलेला होता. भटजी येऊन बसले होते आणि कोणाचा तरी मोबाइल आरतीच्या मध्येच वाजत होता. जाऊ ऑफिसात गेटच्या कॉम्प्युटरवर बसली. गेटवरचा माणूस पूजेला गेल्यामुळे गाड्या तीच भरत होती.

नारळ फुटला. त्याच वेळेला फाटकातून दोन बैलगाड्या आत आल्या. शिंगांना रंग दिलेले, गळ्यात घुंगरमाळा. मागून आल्या होत्या, सगळ्या ट्रॅक्टरच्या नंतर. जावेनं नंबर भरला, गाव भरलं, वाहनाच्या जागी बैलगाडी निवडली आणि बटण दाबलं. शेठ काट्याजवळ हातात कुंकवाची वाटी घेऊन उभे होते आणि पडद्याकडे बघत होते. मुनीम पडद्याकडे बघतच नव्हते, ते जावेकडे बघत होते.

पडद्यावर बैलगाडीचा नंबर आला. तिच्याखाली दुसऱ्या बैलगाडीचा. मग ट्रॅक्टर, आले त्या क्रमानं.

शेठनी पहिल्या बैलांना कुंकू लावलं, गाडीवानाच्या डोक्यावर टोपी ठेवली आणि गाडी काट्यावर चढली. टाळ्या वाजल्या. कापसाचं पहिलं वजन पुकारलं गेलं.

रांगेतला पहिला ट्रॅक्टरवाला खिडकीशी आला. “ओ ताई, मी पहाटेपासून उभा हाय. हे आत्ता आले आन वर कसे गेले?”

“त्यांच्याकडं बैल हाय,” जाऊ म्हणाली.

“मंग उद्या मी बी ट्रॉलीच्या मागं एक बैल बांधून आणतो.”

“आणा. कापसासंगं त्याचं बी वजन करीन आन कापसातून वजा करीन.”

मागचे लोक हसले. ट्रॅक्टरवाल्यालाही हसावं लागलं. तो म्हणाला, “कोणत्या गावची हो तुमी?”

“झरीची.”

“तरीच,” तो म्हणाला आणि जाऊन ट्रॅक्टरवर बसला.

ऊन चढलं तशी गर्दी वाढली. आणखी एक बैलगाडी आली, पुढे गेली. ट्रॅक्टर एकामागून एक सरकत राहिले. एकदाही कोणाला काट्यापाशी जाऊन ओरडावं लागलं नाही. मी ऑफिसात मागच्या बाकावर बसून चहा पीत होते आणि मला तिथं काहीच काम नव्हतं. ते फार छान वाटत होतं.

शेठ आत आले. खिडकीतून पडद्याकडे एकदा बघितलं. त्यांचा मोबाइल वाजला. कोण आहे ते त्यांनी बघितलं आणि उचलला. “हां, बोला,” ते म्हणाले. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला. शेठ ऐकत राहिले. मग म्हणाले, “न्हाई, यंदा नको. आमचं चालू झालं.” आणि फोन ठेवला. जावेची पाठ त्यांच्याकडे होती. ती गाडीचा नंबर भरत होती, पण तिचं बोट मध्येच थांबलेलं मी बघितलं.

शेठ म्हणाले, “वालूरला आमच्या भावाची डाळमिल हाय. तिथं बी असंच पाहिजे त्याला.”

“आता न्हाई,” जाऊ म्हणाली. “कापूस आटपू द्या. डाळीचं नंतर बघते. आन तिथला काय दस्तूर हाय ते त्यांना आधी विचारून ठेवा.”

“बरं,” शेठ म्हणाले. त्यांना कोणी नंतर बघते म्हणत नसावं, पण त्यांनी ते ऐकून घेतलं.

ते बाहेर गेल्यावर तिनं खुर्ची मागे सारली आणि मुनीमांना हाक मारली. “काका, हंगामभर मी यायची असंल तर ही खुर्ची बदला. हिचा एक पाय आखूड हाय. आन पंखा लावा.”

“दोन्ही?”

“दोन्ही. आज.”

मुनीम खुर्ची शोधायला गेले. बाहेर पडद्यावर पुढचा नंबर आला आणि रांगेतल्या कोणीतरी गाडी चालू केली.